कानातला मळ: काढावा की राहू द्यावा?

तापीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. शाळेच्या आरोग्य तपासणीत धाकट्या मुलाच्या कार्डावर ‘दोन्ही कानांत मळ’ असा शेरा आला आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. आईचे म्हणणे असे की, दर शनिवारी कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडले असते, तर हा शेरा आलाच नसता. पत्नीचे म्हणणे असे की, तेलाने धूळ आणखी चिकटते, त्यापेक्षा आंघोळीनंतर इअर बड फिरवून कान कोरडा करावा. मुलाला मात्र कसलाही त्रास नाही. त्याला नीट ऐकू येते, कान दुखत नाही, खाजत नाही आणि स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज त्याला अंगणातूनही कळतो. माझा प्रश्न साधा आहे. कान मुळात साफ करावा लागतो का, आणि लागत असेल, तर तो कोणी आणि कशाने करावा?

सातपुडा_वारा (शिरपूर)

भाऊ, आपल्याकडे कापूस पिकतो म्हणून तो कानातही भरलाच पाहिजे असे नाही.

कर्णिका (धुळे)

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मळ म्हणजे बाहेरून आत गेलेली घाण, हा समज आधी सोडावा लागेल. प्रौढ माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात कूर्चा (मऊ, लवचिक हाड) असते, आणि मळ तयार करणाऱ्या व तेलकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी फक्त तिथल्याच त्वचेत असतात. हा स्राव, त्वचेच्या मृत पेशी आणि थोडी धूळ मिळून मळ बनतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे जिवाणू व बुरशी यांना आळा बसतो. त्याच्या तेलकटपणामुळे पाणी त्वचेत मुरत नाही आणि धूळ पडद्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडकते. नळीचा आतला दोन-तृतीयांश भाग हाडाचा असतो, त्यावरची त्वचा अत्यंत पातळ असते आणि तिथे मळ तयारच होत नाही. तेव्हा पडद्याला टेकलेला मळ मी पाहते, त्या वेळी तो बहुतेकदा कोणीतरी तिथपर्यंत ढकललेला असतो.

तो बाहेर येण्याची सोयही शरीरातच आहे. नख जसे मुळाकडून टोकाकडे सरकत जाते, तशी नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकते आणि आपल्याबरोबर मळ घेऊन येते. चावताना व बोलताना जबड्याची जी हालचाल होते, तिचीही याला मदत होते. बाहेर आलेला मळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, एवढेच आपले काम आहे.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितले आहे की, तक्रार नसेल आणि तपासणीला अडथळा येत नसेल, तर मळ काढण्याची गरज नाही. आपल्या मुलाबद्दल माझे उत्तर तेच आहे. कार्डावरचा शेरा हे निरीक्षण आहे, आजाराचे निदान नव्हे.

जुनी_पेठ (जळगाव)

डॉक्टरताई, उत्तम लिहिले आहे. मला सारंगखेड्याच्या यात्रेतला कानवाला आठवला. दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारापासून थोड्या अंतरावर तो बसलेला असे. डोक्याच्या पागोट्यात खोचलेले लांब सळईसारखे कानकोरणे, खांद्याला पिशवी आणि पिशवीत रंगीत पाण्याच्या दोन-तीन बाटल्या, असा त्याचा सगळा सरंजाम होता. तो गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी मागे ओढायचा, सळईच्या टोकाला कापसाचा पातळ पदर गुंडाळून ते आत फिरवायचा आणि काही वेळाने गिऱ्हाइकाच्या तळहातावर हरभऱ्याएवढा खडा ठेवायचा. लोक चकित होत. आमच्या काकांच्या एकाच कानातून त्याने लागोपाठ चार खडे काढले, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, “आता गोटा निघाला की उठा.” खडे त्याच्या बोटांच्या बेचक्यात आधीपासून असत, हे शेजारी उभ्या असलेल्या पोराटोरांनाही दिसत होते. कानाला खडा लावावा हे ठीक आहे, पण पैसे देऊन कानातून खडा काढून घेणारे आम्हीच.

कर्णिका (धुळे)

खड्यांची हातचलाखी निरुपद्रवी आहे, सळई नाही. एकाच्या कानातून निघालेली सळई न उकळता दुसऱ्याच्या कानात जाते, त्यातून संसर्ग होतो. शिवाय यात्रेच्या गर्दीत कोणाचा धक्का लागला, तर पडदा फाटण्यास क्षणही पुरतो.

निंबपर्ण (चोपडा)

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून चोपड्यात व्यवसाय करतो. इथे तेलाला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाण्याआधी दोन शब्द लिहितो. कानात तेल भरणे, म्हणजे कर्णपूरण, दिनचर्येत सांगितलेले आहे आणि निरोगी कानासाठी मला त्यात दोष दिसत नाही. तेलाने कडक मळ मऊ होतो, हे आधुनिक वैद्यकही मान्य करते. तापीकाठ यांच्या आईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

मात्र वाहणाऱ्या कानात, ठणकणाऱ्या कानात आणि पडद्याला भोक असलेल्या कानात तेल घालू नये, हे मी प्रत्येक रुग्णाला बजावतो. कढईत लसूण तडतडवून ते तेल ‘कोमट’ म्हणून थेट कानात ओतण्याचा जो घरगुती प्रकार चालतो, त्याचा आयुर्वेदाशी संबंध जोडू नये, ही विनंती.

कर्णिका (धुळे)

वैद्यराज, आपला मतभेद वाटतो तेवढा मोठा नाही. मळ मऊ करण्यासाठी ऑलिव्ह तेल किंवा बदाम तेल जगभर वापरले जाते, आणि सोडियम बायकार्बोनेटच्या थेंबांच्या तुलनेत ते फार कमी पडते असेही नाही. माझा आक्षेप ‘दर शनिवारी’ या शब्दांना आहे. औषध गरजेपुरते घ्यायचे असते, त्याचा वार ठरवायचा नसतो.

दुसरा आक्षेप ऋतूचा आहे. पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात कानातल्या बुरशीचे रुग्ण एकदम वाढतात. दमट हवा, आंघोळीचे अडकलेले पाणी, कोरून खरवडलेली त्वचा आणि वरून तेल, असे सगळे जुळले की बुरशीला आयते घर मिळते. कान असह्य खाजतो, गच्च वाटतो आणि आत पांढुरक्या थरावर काळे ठिपके दिसतात. रुग्णाला वाटते मळ साचला, म्हणून तो आणखी तेल घालतो आणि आणखी कोरतो.

आणि पडदा शाबूत आहे की नाही हे घरबसल्या कळत नाही. लहानपणी कान फुटला होता, हे पुष्कळांच्या स्मरणातही नसते. म्हणून कानात काहीही घालण्याआधी एकदा तरी पडदा तपासून घ्यावा, एवढा आग्रह मी धरते.

निंबपर्ण (चोपडा)

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. शनिवारबद्दल विचार करतो.

शेवंती (शहादा)

तान्ह्या बाळाचे काय करावे? आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी मालिश झाली की बाळाच्या कानात तेल सोडतात, टाळूवर थोपटतात आणि नाकात फुंकरही मारतात. त्यांना नाही म्हटले की सासूबाईंना वाईट वाटते. मावशींचा हात मात्र इतका हलका आहे की बाळ मालिश चालू असतानाच झोपते, त्यामुळे त्यांना बंद करण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

कर्णिका (धुळे)

ताई, मालिश अवश्य चालू ठेवा, पण कानात आणि नाकात तेल नको. बाळाची कानाची नळी फार अरुंद असते आणि दुखल्याचे ते सांगू शकत नाही. नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते, त्याचा धोका कानातल्या तेलापेक्षाही मोठा आहे. कानाची पाळी आणि तिच्यामागची घडी मऊ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायला मावशींना सांगा, म्हणजे त्यांच्या हाताला काम राहील आणि सासूबाईंचेही समाधान होईल.

इंजिनघर (भुसावळ)

मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये काम करतो. तिथल्या आवाजामुळे कानात फोमची बोंडे घालावी लागतात. आमच्यातल्या काही जणांचे कान वारंवार गच्च होतात, तर काहींना वर्षानुवर्षे काहीच होत नाही. हे कशामुळे होते? दुसरे असे की, हल्ली मोबाईलला जोडता येणारा, टोकाला कॅमेरा आणि दिवा असलेला कानकोरणा ऑनलाइन मिळतो. जेवणाच्या सुट्टीत आमचे एक सहकारी सर्वांना स्वतःच्या कानाचे थेट प्रक्षेपण दाखवतात. डबा खाताना ते बघवत नाही, हा भाग वेगळा, पण ते सुरक्षित आहे का?

कर्णिका (धुळे)

बोंडे, इअरफोन आणि श्रवणयंत्र यांमुळे मळ बाहेर येण्याच्या वाटेत अडथळा येतो. म्हणून बोंडे घालणे सोडू नका, कारण मळ काढता येतो, पण आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बोंडे स्वच्छ हातांनी घालावीत आणि मळकी झाली की टाकून द्यावीत. माणसामाणसांतला फरक नळीची रुंदी, तिचे वळण, कानातले केस आणि मळाचा प्रकार यांवर अवलंबून असतो. मळ ओला, चिकट व मधाच्या रंगाचा असतो, किंवा कोरडा, करडा व कोंड्यासारखा असतो. हे आनुवंशिक आहे. जपानी संशोधकांनी 2006 साली दाखवून दिले की, एबीसीसी-11 या एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने हा प्रकार ठरतो. चीन, जपान, कोरियाकडे कोरडा मळ जास्त, युरोप-आफ्रिकेत ओला, आणि आपल्याकडे दोन्ही.

कॅमेऱ्याबद्दल सांगायचे, तर मोबाईलवर चित्र दिसते, खोली कळत नाही. काडी कानाच्या पडद्यापासून किती दूर आहे याचा अंदाज चुकतो, आणि हात स्वतःच्याच कानाशी वाकडा धरलेला असतो. त्यांनी हवे तर नुसते पाहावे, कोरू नये. जेवणाच्या सुट्टीतले प्रक्षेपण बंद करण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याची गरज नाही.

सातपुडा_वारा (शिरपूर)

बसस्थानकावर नीट पाहिले, तर मोटारसायकलची चावी, पेनचे टोपण, केसांची पिन, आगकाडी आणि करंगळीचे वाढवलेले नख, अशी कानाची पाच अवजारे एकाच बाकावर बघायला मिळतात. चावीवाले भाऊ तर डोळे मिटून अशा समाधीत जातात की गाडी निघून गेली तरी कळत नाही.

केळीबाग (रावेर)

आमच्याकडे मळापेक्षा किड्यांचा त्रास अधिक आहे. वीज रात्री येते, म्हणून पिकाला पाणी द्यायला शेतातच खाटेवर झोपावे लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सालदाराच्या कानात मध्यरात्री किडा शिरला. तो आत फडफडत होता आणि हा गडी डोके धरून बांधावर लोळत होता. कोणी मिठाचे पाणी सुचवले, कोणी चिमटा आणायला धावले. माझी आजी म्हणाली, “कानमा काडी कसाले घालस रे भो, तेल टाक!” घरातले शेंगदाणा तेल, गरम न करता, थोडे सोडले. फडफड थांबली आणि सकाळी रावेरला डॉक्टरांनी मेलेला किडा काढला. आजीचे बरोबर होते ना?

कर्णिका (धुळे)

अगदी बरोबर होते. पडदा फाटलेला नसेल आणि कान वाहत नसेल, तर जिवंत किडा आधी तेलाने मारावा, त्याला चिमट्याने ओढू नये. ओढताना त्याचे पाय तुटून आत राहतात आणि नळीला जखमा होतात. नंतर डॉक्टरांकडे जाणे मात्र आवश्यक आहे.

याच्या नेमके उलट प्रकरण धान्याचे असते. मळणीच्या दिवसांत ज्वारीचा दाणा, किंवा घरात खेळताना हरभरा अथवा वाटाणा मुलाच्या कानात गेला, तर पाणी मुळीच घालू नये, कारण दाणा फुगून घट्ट बसतो आणि मग भूल देऊन काढावा लागतो. खेळण्यातली किंवा घड्याळातली बटणासारखी बॅटरी कानात गेली असेल, तर कोणताही थेंब न घालता, असेल त्या वेळी रुग्णालय गाठावे. ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

भूगोलमास्तर (नंदुरबार)

मला एक कुतूहल आहे. कानात बोट घातले की मला खोकला येतो. आमच्या शिक्षक-कक्षात यावरून बरीच थट्टा होते. शिवाय एका परिचितांचा कान पाण्याने धुतला, तेव्हा त्यांना अशी भोवळ आली की भिंत धरावी लागली. हे दोन्ही प्रकार नैसर्गिक आहेत का?

कर्णिका (धुळे)

मास्तर, दोन्ही नैसर्गिक आहेत. मेंदूपासून घशाकडे, फुप्फुसांकडे व पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक बारीक शाखा कानाच्या नळीतही येते. तिला स्पर्श झाला की काहींच्या मेंदूला घसा खवखवल्याचा भास होतो. कानातल्या मळामुळे रेंगाळलेला कोरडा खोकला मळ काढल्यावर थांबल्याची उदाहरणे आहेत.

भोवळीला तर नोबेल मिळालेले आहे! व्हिएन्नातले डॉ. रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत. एकाने तक्रार केली की, पाणी थंड असले की मला गरगरते. पुढच्या वेळी पाणी अधिक गरम झाले, तेव्हाही तो गरगरला, पण त्याचे डोळे आधीच्या उलट दिशेला झटके देऊ लागले. आतल्या कानातल्या तोलाच्या नळ्यांमधील द्रव तापमानाच्या फरकाने हलतो आणि मेंदूला वाटते की डोके फिरते आहे, हे त्यावरून त्यांनी उलगडले. 1914 सालचे वैद्यकाचे नोबेल त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाचे कैदी होते. म्हणूनच आम्ही धुण्याचे पाणी शरीराच्या तापमानाइतके, सुमारे 37 अंश सेल्सिअस ठेवतो. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचे पाणी तापलेले असते आणि जानेवारीत ते गार असते, त्यामुळे ‘नळाचे पाणी आहे तसे’ हे दोन्ही ऋतूंत चुकते.

भूगोलमास्तर (नंदुरबार)

याची परतफेड म्हणून माझ्याकडूनही एक गोष्ट. देवमाशाच्या कानात मळ आयुष्यभर थराथराने साचत जातो आणि त्या थरांवरून त्याचे वय काढतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका निळ्या देवमाशाचा सुमारे 25 सेंटिमीटर लांबीचा मळ तपासला, आणि थरांमधील संप्रेरके व प्रदूषके यांवरून त्याच्या जन्मभरातील ताणाची नोंद मिळाली. मुलांना वर्गात हे सांगितले, की पुढचे दहा मिनिटे कोणी जागेवरून हलत नाही.

जुनी_पेठ (जळगाव)

सारंगखेड्याच्या कानवाल्याला हा देवमासा दाखवायला हवा होता.

मेहरुणकर (जळगाव)

धागा रंगात आला आहे, पण एक गंभीर अनुभव लिहितो. माझ्या मेहुण्यांना एका सकाळी उठताच डाव्या कानाला दडा बसल्यासारखे झाले. दुखणे नव्हते, फक्त आत शीळ वाजल्यासारखा आवाज होता. औषधाच्या दुकानातून मळ विरघळवणारे थेंब आणले आणि ते घालत राहिले. अखेर तपासणी झाली, तेव्हा कानात मळ जवळपास नव्हताच. आतल्या कानाच्या नसेचे ऐकणे अचानक गेले होते. उपचारांनी थोडे परत आले, पूर्ण आले नाही. हे आधी ओळखता आले असते का?

कर्णिका (धुळे)

हे आपण लिहिले ते फार चांगले केले. एका कानाचे ऐकणे तीन दिवसांच्या आत अचानक कमी झाले, तर ती तातडीची बाब समजावी. स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा अधिक असते आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर ती बरीच कमी होते.

घरच्या घरी एक ढोबळ अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘हूं’ असा सूर लावावा. मळामुळे कान बंद असेल, तर तो सूर बंद कानातच मोठा वाटतो. नसेचा दोष असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. ट्यूनिंग फोर्क (ठोकला की सूर देणारा धातूचा काटा) कपाळावर टेकवून आम्ही हेच पाहतो. पण अंदाज काहीही येवो, अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान दाखवावा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

मळाचा दडा बहुधा डोक्यावरून आंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर बसतो, कारण पाण्याने मळ फुगतो. अशा वेळी डॉक्टर आधी तीन ते पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब देतात, मग कान धुतात, नळीने शोषून काढतात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली हुकाने काढतात. मोठ्या धातूच्या पिचकारीने हाताने पाणी मारण्याची जुनी पद्धत ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी नको म्हटली आहे, कारण दाबावर नियंत्रण राहत नाही. पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पाणी वापरतच नाहीत. मधुमेही रुग्णांत विशेष जपावे लागते, कारण त्यांच्या नळीतला साधा संसर्गही हाडापर्यंत पोहोचू शकतो.

शेवंती (शहादा)

कानात लावायच्या मेणाच्या पोकळ मेणबत्त्या मिळतात, त्या पेटवल्या की मळ ओढला जातो म्हणे. खरे आहे का?

कर्णिका (धुळे)

मुळीच खरे नाही. ओढ निर्माणच होत नाही, आणि शेवटी मेणबत्तीच्या पोकळीत जो तपकिरी मळ दाखवतात, तो त्या मेणबत्तीचेच जळलेले मेण असते. चेहरा भाजल्याची आणि पडद्यावर मेण सांडल्याची उदाहरणे मात्र नोंदलेली आहेत.

तापीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला. मुलाच्या कानात सध्या काहीही घालायचे नाही, असे ठरले. इअर बडचे खोके पत्नीने शिवणयंत्राचे तेल पुसण्यासाठी ठेवले आहे. आई म्हणते की, डॉक्टरताईंनी तेलाने मळ मऊ होतो हे कबूल केलेच आहे, त्यामुळे हा वाद ती जिंकली असे तिने जाहीर केले आहे.

निंबपर्ण (चोपडा)

आईंना माझा नमस्कार सांगा.

आबा_पाचोरा (पाचोरा)

उशिरा आलो, क्षमस्व. माझे श्रवणयंत्र मधूनच शिट्टी वाजवते आणि आवाज बसतो. दुकानदार म्हणतो की यंत्र जुने झाले, नवीन घ्या. हा प्रकार मळाचाही असू शकतो का?

कर्णिका (धुळे)

आबा, नवीन घेण्याआधी कान तपासून घ्या. नळीत मळ असला की आवाज त्याला आपटून मायक्रोफोनकडे परत येतो आणि शिट्टी वाजते. आवाज बसला असेल, तर टोकाची जाळी मळाने बुजलेली असू शकते. ती स्वस्तात बदलून मिळते. यंत्र रात्री काढून सुके ठेवावे आणि सकाळी पुसावे, कारण रात्रभरात मळ वाळतो आणि ब्रशने सहज निघतो. रात्रीच पुसले, तर ओला मळ जाळीच्या भोकांत शिरतो. इअर मोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) वेगळा निघत असेल, तर फक्त तोच कोमट पाण्याने धुवावा, यंत्राला पाणी लावू नये.

आबा_पाचोरा (पाचोरा)

सूनबाई यंत्र रोज रात्री पुसून ठेवते. आजपासून सकाळी पुसायला सांगतो. दुकानदाराला सोमवारी जाळीची किंमत विचारतो.